लाल परीची चंदेरी कातडी

चिकलठाण्याला विमानं उतरतात आणि चिकलठाण्यालाच एसटीच्या बॉड्या बांधल्या जातात. छत्रपती संभाजीनगरच्या माणसाला यात काही नवल वाटत नाही, जालना रोडचा तो पट्टाच तसा आहे. पण वरून येणाऱ्या विमानाचं अंग आणि आगाराच्या कोपऱ्यात उभ्या असलेल्या जुन्या लाल गाडीचं अंग यांचं नातं आहे, हे सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. दोघांचाही पत्रा ॲल्युमिनियमचा, दोघांचीही शिवण रिव्हेटची. फरक इतकाच की एकाची शिवण माणसं बॅटरी मारून तपासतात आणि दुसरीच्या पत्र्यावर आपण थाप मारून ‘चला’ म्हणतो.

आधी थोडं कूळ सांगतो. एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी पुण्याहून नगरला गेली. ती बेडफर्ड होती आणि तिची बॉडी लाकडी होती. आपण तेव्हा त्या राज्यात नव्हतोच. मराठवाडा निजामाच्या राज्यात, आणि निजामाच्या रेल्वेने १९३२ सालीच २७ गाड्यांवर स्वतःची बससेवा सुरू केलेली. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत आपण मुंबई राज्यात आलो आणि पुढे एसटी आपली झाली. महामंडळाच्या मध्यवर्ती कार्यशाळा तीन : पुण्याजवळची दापोडी, नागपूरची हिंगणा आणि आपली चिकलठाणा. लाकूड गेलं, ॲल्युमिनियम आलं, आणि पुढे कित्येक वर्षं ‘लाल डबा’ म्हणजे ॲल्युमिनियमचाच डबा होता. २०१८ च्या सुमारास महामंडळ पोलादी बॉडीकडे वळलं, कारखान्यात जिला ‘एमएस बॉडी’ म्हणतात तिच्याकडे. अपघातात पोलादी सांगाडा जास्त टिकाव धरतो, हे कारण. चिकलठाण्यात जुन्या चेसिसवरून ॲल्युमिनियम उतरू लागलं आणि तिथे एमएस चढू लागलं.

म्हणजे ॲल्युमिनियमची लाल परी आता जुनी वस्तू झाली. भंगाराच्या लिलावातून सुटलेली अशी एखादी बॉडी कुणी शेतावर खोली म्हणून उभी करावी, कुणी तिच्यात मुलांचं वाचनालय थाटावं, ही हौस समजण्यासारखी आहे. अमेरिकेत या हौसेला चांगलीच जुनी परंपरा आहे. गाडीच्या मागे जोडून न्यायची ‘एअरस्ट्रीम’ नावाची चंदेरी, गोलसर फिरती घरं तिथे लोक पिढ्यान्‌पिढ्या सांभाळतात. एअरस्ट्रीमचे कर्ते वॉली बायम यांनी त्यांचं ‘क्लिपर’ हे मॉडेल १९३६ साली काढलं, बांधणी विमानाच्या धर्तीवर, रिव्हेट मारून केलेली. चंद्रावरून परतलेल्या अपोलो ११ च्या तिघांना १९६९ साली ज्या बंद खोलीत वेगळं ठेवलं होतं, तीसुद्धा एअरस्ट्रीमचीच बॉडी होती. त्या घराच्या आणि आपल्या लाल डब्याच्या पत्र्याला लागणारी काळजी मुळात एकच आहे. हवापाणी मात्र आपलं वेगळं, म्हणून हे आपल्या हवेच्या हिशोबाने लिहितो.

अशी बॉडी हाती आली की पहिला मोह होतो तो लाल रंग खरवडून आतला पत्रा आरशासारखा चमकवण्याचा. तो थोडा आवरा. ॲल्युमिनियमची चमक आणि ॲल्युमिनियमची तब्येत या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि पुष्कळदा पहिली मिळवताना दुसरी झिजते. का, ते कळायला स्वयंपाकघरात जावं लागेल.

आमच्याकडे आंघोळीचं पाणी तापवायचं मोठं जर्मलचं पातेलं होतं. नव्या पिढीसाठी सांगतो, ॲल्युमिनियमला आपल्याकडे घरोघर ‘जर्मल’ किंवा ‘जर्मन’ म्हणत. बाहेरून ते चुलीने काळं होई, ते ठीक. पण ते आतूनही काळसर पडायचं. आई म्हणायची, बोअरचं पाणी लागलं. तिचं अगदी बरोबर होतं. आपल्याकडचं बोअरचं पाणी काळ्या पाषाणातून येतं, जड असतं, क्षारांनी भरलेलं. ते उकळलं की अल्कधर्मी होतं आणि पत्र्याच्या पृष्ठभागावरचा एक अदृश्य पापुद्रा बिघडवतं. त्याच पातेल्यात एखाद दिवशी चिंचेचं सार उकळलं तर आतली बाजू लख्ख होते, पण ती कशी? पापुद्रा आम्लात विरघळून सारात उतरतो आणि पातेलं स्वच्छ दिसतं. चमकण्यातली मेख इथेच आहे.

हा पापुद्रा म्हणजे ॲल्युमिनियमचं ऑक्साइड. उघडं ॲल्युमिनियम हवेला लागलं की क्षणात तो तयार होतो. जाडी दोन ते चार नॅनोमीटर, म्हणजे डोळ्याला दिसायची बातच नको. लोखंडावरचा गंज फुगतो, सुटतो, खालचं लोखंड पुन्हा उघडं पाडतो आणि असं करत करत सगळं खातो. ॲल्युमिनियमचा पापुद्रा मात्र घट्ट चिकटून बसतो, हवा-पाणी आत जाऊ देत नाही. माणिक आणि नीलम ही रत्नं रसायनशास्त्राच्या दृष्टीने याच ऑक्साइडची, फक्त रंग देणारी अशुद्धी वेगळी. म्हणजे मऊ धातूवर अतिशय कठीण कवच. त्यावर ओरखडा पडला तर तो स्वतःच भरून येतो, अट एवढीच की आजूबाजूचं रसायन फार आंबट नको आणि फार अल्कधर्मीही नको. साधारण चार ते साडेआठ पीएचच्या दरम्यान कवच सुखी असतं. त्याच्या एका बाजूला लिंबू, चिंच, आंबट ताक, बॅटरीचं ॲसिड. दुसऱ्या बाजूला धुण्याचा सोडा, पापडखार, चुना, ओलं सिमेंट. दोन्हीकडे ते विरघळतं. ॲल्युमिनियम दोन्ही बाजूंनी हरतं, हे पुष्कळांना माहीत नसतं. आम्लाला सगळेच घाबरतात, सोड्याला कुणी घाबरत नाही.

मीही नव्हतो घाबरत. एकदा ॲल्युमिनियमच्या खिडकीच्या चौकटीवरचा तेलकटपणा काढायला धुण्याचा सोडा गरम पाण्यात कालवून लावला आणि चहा प्यायला आत गेलो. परत येईपर्यंत चौकटीवर ढगाळ पांढरट डाग उमटले होते. ते पुसून निघत नाहीत. डाग म्हणजे वर बसलेली घाण नव्हती, तिथला धातूच खाल्ला गेला होता.

तिसरा शत्रू म्हणजे मीठ. त्याची ओळख करून घ्यायची असेल तर एक शाळकरी प्रयोग आहे. काचेच्या पेल्यात मोरचुदाचं निळं पाणी घ्या, त्यात स्वयंपाकघरातल्या ॲल्युमिनियमच्या कागदाचा लहानसा तुकडा टाका. फारसं काही होत नाही. कवच काम करतंय. आता चिमूटभर मीठ घाला. थोड्या वेळात कागदावर तांबूस गाळ जमू लागतो, बुडबुडे येतात, पाणी गरम होतं, आणि कागद चाळणी होऊन संपतो. मिठातला क्लोराइड कवचात भोकं पाडतो आणि त्या भोकांतून मोरचुदातलं तांबं आपलं काम साधून घेतं. प्रयोग अंगणात करा, थोड्याच पाण्यात, आणि नंतर तो पेला पिण्यासाठी वापरू नका.

आता हा प्रयोग आपल्या शेतावर नेऊन बघा. पैठण, जालना हा मोसंबीचा मुलूख. जालन्याच्या मोसंबीला २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळालं. मोसंबीच्या खोडाला डिंक्या रोगासाठी बोर्डोची पेस्ट लावतात, झाडांवर बोर्डोचा फवारा मारतात. बोर्डो म्हणजे काय, तर मोरचूद आणि चुना. ॲल्युमिनियमचे दोन शत्रू एकाच पंपात. बागेच्या बांधावर उभ्या केलेल्या बॉडीवर हा फवारा वाऱ्याने उडून बसला तर वाळलेल्या निळसर ठिपक्याखाली पत्र्याला सुईच्या टोकाएवढे खड्डे पडायला लागतात. तेव्हा बॉडी बागेत उभी करायचीच असेल तर फवाऱ्याच्या दिवशी ताडपत्री टाका, आणि विसरलात तर त्याच दिवशी साध्या पाण्याने धुऊन काढा. दिवाळीच्या आधी भिंतींना चुना देताना उडणारे शिंतोडे, जनावरांच्या गोठ्यातली ओलसर, मुताच्या वासाची हवा, खताच्या फुटलेल्या गोण्या, यांचंही तेच. बॉडीखाली नवा सिमेंटचा ओटा बांधणार असाल तर ओल्या सिमेंटला पत्रा टेकू देऊ नका. मध्ये रबराची पट्टी घाला.

पाहणी कशी करायची? सगळ्यात आधी गाडीवरचं आगाराचं नाव वाचा, खोडलेलं असलं तरी बहुधा पुसट दिसतं. मराठवाड्यातल्या आगाराची गाडी आणि रत्नागिरी-मालवणकडची गाडी यांत जमीन-अस्मानाचा फरक. कोकणातली गाडी आयुष्यभर खारं वारं प्यालेली असते. तिच्या रंगाखाली किड्याने कोरल्यासारख्या वळवळत्या बारीक रेषा दिसतील. पत्र्याच्या कडेपासून, रिव्हेटच्या डोक्यापासून सुरू होणाऱ्या. रंग आणि धातू यांच्यामध्ये ओल धरून हा क्षय दोऱ्यासारखा सरकत जातो. आपल्या कोरड्या हवेत त्याचा वेग मंदावतो, पण आपोआप बरा होत नाही.

मग खाली वाका. पत्र्याचा सर्वांत वाईट भाग नेहमी खालचा असतो, चाकांच्या मागचा आणि दाराच्या पायरीखालचा. तिथे चिखल बसतो, वाळतो, पुन्हा भिजतो. पत्र्याच्या दुमडीत अडकलेला ओला चिखल किंवा फुगलेलं प्लायवूड हे पोटिसासारखं काम करतं, कायम ओलं आणि हवा न लागणारं. हवा नाही म्हणजे ऑक्सिजन नाही, ऑक्सिजन नाही म्हणजे कवच दुरुस्त होत नाही. पांढरी भुकटी दिसली, नखाने खरवडली आणि खाली खड्डा लागला तर तो पत्रा आतून सडलेला समजा. पाणी वाहून जाण्यासाठी खालच्या कडेला भोकं असतात, ती बहुधा बुजलेली असतात. एखादी लाकडी काडी घेऊन ती मोकळी करणं हे या सगळ्या उठाठेवीतलं सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपयोगी काम आहे.

धुण्याबद्दल. सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर. एप्रिलमधल्या दुपारच्या तापल्या पत्र्यावर पाणी टाकलं की ते पुसायच्या आत वाळतं आणि क्षारांचे पांढरे गोल ठसे सोडून जातं. साबण साधा, अंगाला चालेल असा सौम्य. भांड्यांची पावडर नको, फरशीचं ॲसिड तर अजिबात नको. मऊ ब्रश किंवा सुती कापड, आणि हात गोल न फिरवता पत्र्याच्या लांबीच्या दिशेने. लोखंडी घासणी वापरू नका. तिचे बारीक तुकडे मऊ ॲल्युमिनियममध्ये रुततात आणि पहिल्या पावसात तिथे तांबूस ठिपके उमटतात, मग लोक म्हणतात ॲल्युमिनियमला गंज चढला. नायलॉनची घासणी चालेल.

पाणी कुठलं, हा आपल्या शहरात नेहमीच नाजूक प्रश्न. जायकवाडीचं नळाचं पाणी काही दिवसांआड येतं, ते गाडी धुण्यात घालवायला कुणाचा हात धजत नाही. मग गृहिणीचा हिशोब असा, की आरओच्या यंत्रातून वाया जाणारं पाणी बादलीत साठवून त्याने गाडी धुवावी. बचत म्हणून विचार चांगला आहे. पण पाण्यातले क्षार वेगळे काढून त्या टाकाऊ पाण्यातच तर लोटलेले असतात. ते बोअरपेक्षाही जड. त्याने अंगण धुवा. बॉडीच्या शेवटच्या धुवणीसाठी पत्र्यावरून उतरलेलं पावसाचं पाणी एखाद्या पिंपात धरून ठेवा, त्यासारखं उत्तम काही नाही. आणि धुतल्यावर पुसा. शिवणीच्या फटीत साचलेलं पाणी कोरड्या कापडाने टिपून घ्या.

पक्ष्यांची शिट वाळू देऊ नये, हे सगळ्याच गाड्यांना लागू. चिंचेखाली गाडी उभी करू नये, हे खास ॲल्युमिनियमला.

आता त्या मोहाकडे वळू : रंग ठेवायचा की काढायचा? माझं मत स्पष्ट आहे. एसटीची बॉडी रंगासाठी बनलेली होती, तिचा लाल रंग हेच तिचं पांघरूण. तो शाबूत असेल तर ठेवा, जिथे सुटलाय तिथे दुरुस्त करा. एअरस्ट्रीमवाले पत्रा उघडा ठेवतात कारण त्यांच्याकडे तो त्यासाठीच बनवलेला होता. विमानाच्या कामासाठी केलेल्या त्या पत्र्यात आत मजबूत पण लवकर सडणारा मिश्रधातू आणि दोन्ही अंगांनी शुद्ध ॲल्युमिनियमचा पातळ थर असतो. एक मिलिमीटर पत्र्यावर हा थर एका बाजूला साधारण पाच टक्के, म्हणजे ५० मायक्रॉन. आपल्या डोक्याच्या केसाएवढा. सारी सुरक्षा त्या केसाएवढ्या जाडीत आहे, आणि प्रत्येक पॉलिश त्यातूनच थोडं घासून नेतं.

रंग दुरुस्त करताना आपले पेंटर एक चूक सवयीने करतात. लोखंडाला लावतात तोच रेड ऑक्साइड प्रायमर ॲल्युमिनियमला फासतात. तो गुळगुळीत पत्र्यावर नीट धरत नाही आणि दोन पावसाळ्यांत पापडासारखा उठतो. जुन्या पद्धतीचा शिशाचा शेंदरी प्रायमर तर आणखी वाईट, शिसं आणि ॲल्युमिनियम यांचं पटत नाही. ॲल्युमिनियमसाठीचा एचिंग प्रायमर किंवा इपॉक्सी प्रायमर मागा, दुकानदार ‘तेच आहे’ म्हणाला तरी डबा वाचून घ्या. पत्रा ३२० नंबरच्या पॉलिश पेपरने पाणी लावत घासून, तेलकटपणा पुसून, त्याच दिवशी प्रायमर मारा. उद्यावर टाकलंत तर रात्रभरात पत्र्यावर ओल आणि धूळ बसते आणि तुम्ही रंग धातूला न देता त्या थराला देता. लांबी भरायची ती प्रायमरनंतर आणि अगदी पातळ.

एक धोक्याचं सांगतो. जुना रंग खरवडताना खाली पिवळट-हिरवा प्रायमर लागला तर तो झिंक क्रोमेट असू शकतो. विमानांवर आणि ॲल्युमिनियमवर तो पूर्वी सर्रास वापरत. त्याची भुकटी फुप्फुसात गेली तर कर्करोगाला आमंत्रण. कोरडं घासू नका, ओलं घासा, चांगला मास्क लावा, मुलांना लांब ठेवा. दुसरं, लोखंड घासलेल्या ग्राइंडरने ॲल्युमिनियम घासू नका आणि उलटही नको. ॲल्युमिनियमची बारीक भुकटी आणि लोखंडाचा गंज हे मिश्रण ठिणगीने भयंकर उष्णतेने पेटतं. रेल्वेचे रूळ त्याच मिश्रणाने वितळवून जोडतात.

इतकं सांगूनही ज्याला चमकच हवी आहे त्याच्यासाठी : आधी सगळी बॉडी नको, दारामागचा फूटभर चौकोन घ्या. त्या भागावर पारदर्शक लॅकर नाही ना, हे बघायला मल्टिमीटरची दोन्ही टोकं हलकेच टेकवा. वीज वाहिली तर पत्रा उघडा आहे. नाही वाहिली तर वर लॅकर आहे किंवा पत्रा ॲनोडाइज केलेला आहे; ॲनोडाइज केलेला असेल तर तिथे पॉलिश करूच नका, ते कवच कारखान्यात मुद्दाम जाड केलेलं असतं आणि घरी परत करता येत नाही. लॅकर किंवा रंग उतरवायला ॲल्युमिनियमला चालणारा रिमूव्हर आणि प्लास्टिकची पट्टी घ्या. कॉस्टिक सोडा घेतलात तर माझ्या खिडकीच्या चौकटीची गोष्ट आठवेल.

मग पॉलिश. नियम असा की सर्वांत बारीक पेस्टने सुरू करायचं आणि तिने जमत नसेल तरच एक पायरी जाड व्हायचं. लोक उलटं करतात, जाड पेपरने सुरू करून मग आठवडाभर आपलेच ओरखडे काढत बसतात. चार इंची ग्राइंडरवर बफ लावून काम उरकायचा प्रयत्न करू नका. तो मिनिटाला अकरा हजारांच्या आसपास फेरे घेतो, पत्रा तापतो, पेस्ट जळते, पातळ पत्र्याला लाटा येतात. वेग कमी-जास्त करता येणारं पॉलिशर घ्या आणि दोन हजाराच्या खाली ठेवा. लोकरी पॅड, वाटाण्याएवढी पेस्ट, दोन हात लांबीचा पट्टा. थोड्याच वेळात पॅड काळं होतं. हा काळा रंग मळाचा आहे असं वाटून माणूस खूश होतो. तो मळ कमी आणि तुमचा पत्रा जास्त असतो, बारीक दळलेला. पॅड काळं होणं थांबेपर्यंत घासत राहिलात तर पत्रा संपेपर्यंत घासत राहाल.

रिव्हेटची डोकी आणि पत्र्याच्या कडा हाताने, कापडाने करायच्या. फिरतं पॅड तिथे धातू सगळ्यात जास्त खातं. शेवटी सुती कापडावर थोडं मक्याचं पीठ घेऊन पुसून काढा. तेलकट काळसर धुकं पीठ शोषून घेतं आणि खालचं रूप उघडं पडतं. पुरातन वाटणारा हा उपाय ट्रकच्या ॲल्युमिनियम टाक्या चमकवणारे लोक जगभर वापरतात. त्यावर कार्नोबा मेणाचा पातळ हात. आपल्या उन्हाळ्यात मेण लवकर उडतं. होळीच्या सुमारास एकदा आणि पावसाळ्यानंतर एकदा असा वर्षाला दोनदा हात द्या. दरवर्षी पॉलिश मात्र नको. काही वर्षांनी पत्रा हलका करडा, शांत दिसू लागतो. मला तो रंग चमकेपेक्षा आवडतो, पण हा आवडीचा प्रश्न.

खरी लढाई शिवणीवर आहे. इथे थोडं गणित करू. ॲल्युमिनियम तापलं की दर अंशाला आपल्या लांबीच्या दशलक्षात २३ भाग वाढतं, पोलाद सुमारे १२ भाग. दहा मीटर लांबीच्या पत्र्याचं तापमान पहाटेपासून भर दुपारपर्यंत ४० अंशांनी वाढलं, जे आपल्याकडे उन्हातल्या टपावर सहज होतं, तर ॲल्युमिनियम नऊ मिलिमीटर वाढेल आणि पोलाद पाचच्याही आत. खालची चेसिस सावलीत असते, म्हणजे ती तेवढीही तापत नाही. उरलेला फरक जातो कुठे? प्रत्येक सांध्यात थोडा थोडा. रोज सकाळ-संध्याकाळ रिव्हेट त्या भोकात रेटली जाते आणि ओढली जाते. वर्षानुवर्षांत भोक अंडाकृती होतं, रिव्हेट सैल पडते, तिच्याभोवती काळसर राखाडी कडं दिसू लागतं. रिव्हेटभोवती असं कडं दिसलं की ती हलते आहे हे नक्की. दोन धातू एकमेकांवर घासून निघालेली ती भुकटी आहे.

सैल रिव्हेट ठोकून घट्ट होत नाही, बदलावी लागते. जुनी ड्रिलने काढा, भोक थोडं मोठं करून एक माप मोठी घाला. भरीव रिव्हेट मारायला दोन माणसं लागतात, बाहेरून एक रिव्हेट गन घेऊन आणि आतून दुसरा पोलादी ठोकळा धरून. आतून हात पोचत नसेल तर पॉप रिव्हेट. पण बाजारातल्या स्वस्त पॉप रिव्हेटच्या पोटात लोखंडी दांडीचा तुकडा अडकून राहतो, तो गंजतो आणि लाल अश्रू गाळतो. दांडीही ॲल्युमिनियमची असलेल्या रिव्हेट मागा.

फटी बुजवताना इपॉक्सीचा लगदा वापरू नका, जो आपण गळक्या नळाला दाबतो. तो दगडासारखा होतो आणि पत्रा तर रोज हलतो, मग तो तडकतो आणि पाणी अगदी तिथूनच आत शिरतं. टपावर डांबर ओतायची पद्धतही तशीच, त्यावर टप आणखी तापतो एवढंच. सिलिकॉन घेतलंत तर आधी वास घ्या. व्हिनेगरसारखा आंबट वास येत असेल तर ते सुकताना आम्ल सोडतं, ॲल्युमिनियमवर ते नको. ‘न्यूट्रल’ लिहिलेलं घ्या, किंवा पॉलियुरेथेनचं. वर रंग द्यायचा असेल तर पॉलियुरेथेनच, सिलिकॉनवर रंग चढत नाही.

पोलाद आणि ॲल्युमिनियम जिथे भेटतात तिथे मध्ये काहीतरी हवं : प्रायमर, टेप, रबर. ओलावा आला की दोन धातूंत बारीक बॅटरी तयार होते आणि त्यात ॲल्युमिनियम खर्ची पडतं. आकाराचाही खेळ आहे. मोठ्या ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर एखादा स्टेनलेस स्क्रू फार नुकसान करत नाही. मोठ्या पोलादी पट्टीवर एक लहान ॲल्युमिनियमची रिव्हेट मात्र लवकर जाते. पितळी बिजागरी, तांब्याची नळी, दारावर हौसेने लावलेली पितळी घंटा, या थेट पत्र्यावर ठोकू नका. तांब्यावरून ओघळलेलं पाणीसुद्धा खालचा पत्रा खातं, मोरचुदाचा तो पेला आठवा.

पोचे आहेत तसे राहू द्या. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधल्या गारपिटीत मराठवाडा झोडपला गेला होता, तशा गारांनी टपावर वाटीएवढे खळगे पडतात. ॲल्युमिनियम ठोकलं की ताणतं, आणि ताणलेला पत्रा पुन्हा आपल्या जागी बसत नाही, मग खळग्याऐवजी टमटमीत फुगवटा मिळतो. ज्या खळग्यात पाणी साचतं तेवढाच आतून लाकडी ठोकळ्याने हलके उचला.

शेवटची तपासणी मृगाच्या आधी. एक जण आत बॅटरी आणि खडू घेऊन बसावा, दुसऱ्याने बाहेरून नळीने पाणी सोडावं, आणि सोडायचं ते खालच्या शिवणीपासून वर वर जात, एकेका शिवणीवर पाचेक मिनिटं थांबून. वरून सुरू केलंत तर पाणी सगळीकडून ओघळेल आणि कुठली फट गळते ते कळणारच नाही. आत थेंब दिसला की तिथे खडूची खूण, आणि बाहेरच्याला ओरडून सांगायचं कितवी खिडकी. फट थेंबाच्या वरच असेल असं मात्र समजू नका. टप आणि आतलं छत यांच्यामधून पाणी दोन-तीन खिडक्या ओलांडून चालत येतं. चालकाच्या डोक्यावर गळणारी गाडी पुष्कळदा मागच्या कॅरियरच्या पायापाशी फुटलेली असते, जिथे कधीकाळी वर सायकली आणि मेथीची गाठोडी बांधली जात.